मिठाला पाणी सुटलं की

दिल्लीत मंडी हाऊसच्या गोल चौकातून इंडिया गेटच्या दिशेनं एक सावलीचा रस्ता जातो. एके काळी तो लिटन रोड होता. पुढे कधीतरी व्हाइसरॉयसाहेबांची पाटी उतरली आणि पृथ्वीला विश्वाच्या मधल्या पाटावरून उठवणाऱ्या पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञाची पाटी चढली. कोपर्निकस मार्ग. तरुणपणी पहिल्यांदा दिल्लीत आलो तेव्हा या नावाची मी मनातल्या मनात ‘कोपर’ आणि ‘निकस’ अशी फोड केली होती आणि हे कोपराचं एखादं जुनाट दुखणं असावं, अशी समजूत करून घेतली होती. त्या वेळी उतरलो होतो याच रस्त्यावरच्या महाराष्ट्र सदनात. आता कस्तुरबा गांधी मार्गावर नवं सदन झाल्यापासून त्याला ‘जुनं सदन’ म्हणतात. जवळच दूरदर्शन भवन, पलीकडे कमानी सभागृह. आज आमचं घर इथून चालत दहा मिनिटांवर, बंगाली मार्केटच्या अंगाला आहे. संध्याकाळी मी या रस्त्यानं एक फेरी मारून येतो. हल्ली मात्र ती फेरी मधूनमधून थबकते. मी झाडाखाली उभा राहून खिशातून फोन काढतो आणि आपण नसताना घराला कसं वाटतंय ते बघतो.

घराला कसं वाटतंय हे फोनवर सांगणारी वस्तू बंगाली मार्केटमधल्या बर्फीच्या तुकड्याएवढी आहे. पांढरी, चौकोनी, कडा गोलसर केलेली. बेंगळुरूला असणाऱ्या आमच्या लेकीनं ती वाढदिवसाला पाठवली. वायर नाही, बटण नाही, आवाज नाही. पोटात नाण्याएवढा एक सेल आणि मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी एक चकती. त्या चकतीवर हवेतला ओलावा शोषून घेणारा पातळ थर असतो. ओल मुरली की त्याचा विजेशी असलेला व्यवहार किंचित बदलतो आणि त्या किंचितावरून घरातली आर्द्रता कळते. तापमान वेगळं. ही माहिती बर्फीकडून दिवाणखान्यातल्या ‘गेटवे’ नावाच्या डबीकडे जाते, डबीकडून वायफायवर आणि तिथून जगात कुठेही. आमच्या घरात आजवर कुणीच कुणाला ‘तुला गरम होतंय का’ असं इतक्या आडवाटेनं विचारलं नव्हतं.

ती लावायची कुठे, यावर आमचा एक रविवार गेला. हिचं म्हणणं स्वयंपाकघरात, कारण खरं हवामान तिथेच असतं. माझं म्हणणं माझ्या खुर्चीजवळ, कारण हवामानाबद्दल तक्रार तिथूनच निघते. प्रयोगादाखल देवघरापाशी ठेवली तर समईच्या आचेनं देवांना ताप भरल्याचं कळलं. पश्चिमेच्या खिडकीत ठेवली तर उन्हानं तिला भ्रम झाला. हवामान खात्याची माणसं तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, उन्हाची थेट तिरीप लागणार नाही आणि वारा मात्र खेळेल असा का ठेवतात, ते त्या दिवशी समजलं. मोजायचं असतं हवेचं तापमान, भिंतीचं किंवा आपल्या अहंकाराचं नव्हे. शेवटी बर्फी कुणाच्याच खुर्चीजवळ नसलेल्या मधल्या दाराच्या चौकटीवर चिकटली. घराचा मध्य कोणता, हा प्रश्न अशा रीतीनं तडजोडीनं सुटला. कोपर्निकसाला एवढं सोपं गेलं नव्हतं. त्याचा ग्रंथ छापून बाहेर पडला १५४३ मध्ये, आणि त्याच वर्षी तो गेला.

पहिल्या आठवड्यातच एका सकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, आंघोळ झाली वाटतं?” मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत आजूबाजूला पाहिलं. तिनं समजावून सांगितलं, की न्हाणीघरातली वाफ बाहेर आली आणि घर एकदम ७८ टक्क्यांवर गेलं, तशी तिला सूचना मिळाली. म्हणजे माझी आंघोळ बेंगळुरूत टिंग वाजवते! लहानपणी आंघोळ केल्याचं खोटं सांगायला डोक्यावर नुसता ओला हात फिरवून भागायचं. आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर ती सोय राहिली नाही. शिवाय तिनं काही व्यवस्था परस्पर लावून दिल्या. साठ टक्के ओलांडले की स्वयंपाकघरातला पंखा आपोआप सुरू व्हायचा. हिनं भाताच्या कुकरचं झाकण काढलं, की पंखा दचकून जागा होई. “अहो, याला सांगा ना, नुसता भात झालाय,” ही मला म्हणे, आणि मी फोनवर पंख्याची समजूत घाली.

मी मूळचा गुहागरचा. आमच्याकडे ओलाव्याला शब्द किती! ओल, ओलसर, दमट, कुबट, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे सादळलेलं. सादळणं म्हणजे भिजणं नव्हे. पापड पाण्यात पडला तर तो भिजतो. नुसत्या हवेच्या संगतीनं त्याचा कणा जातो तेव्हा तो सादळतो. आमच्याकडे पावसाळ्यात काय सादळत नाही? पापड, चिवडा, तळलेले गरे, आगपेटी, पोस्टाची पाकिटं आणि दुपारी चारनंतर माणसाचे निश्चय. दारं फुगून चौकटीत रुतून बसतात आणि दसऱ्यापर्यंत घरातलं कुणी पूर्ण बाहेर जात नाही की पूर्ण आत येत नाही. अशा मुलखातून आलेल्या मला दिल्लीचा पहिला धक्का सदनातल्या खोलीत बसला. एप्रिल होता. आईनं बांधून दिलेल्या गऱ्यांचं पुडकं रात्री उघडून खाल्लं आणि तसंच उघडं टाकून झोपलो. सकाळी चुकचुकत एक गरा तोंडात टाकला, तर तो असा कुरकुरला की शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला. रात्रभर उघडा राहूनही गरा कडक! त्या क्षणी मला कळलं, की आपण फार लांब आलो आहोत. आगगाडीत छत्तीस तास बसूनही ते तितकंसं कळलं नव्हतं.

या कोड्याचं उत्तर बर्फीनं आता आकड्यांत दिलं. मे महिन्यात दुपारी बाहेरची आर्द्रता पंधरा टक्क्यांवर येते, म्हणून कूलरच्या ओल्या घासेतून येणारा वारा गार लागतो. जुलैत तीच घास, तेच पाणी, तोच पंखा, आणि घरात नुसतं दमट देऊळ. कारण कोरडी हवा पाणी ओढते आणि ओढताना उष्णता खर्चते, भरलेली हवा मात्र हात जोडून ‘पुरे’ म्हणते. जानेवारीतली गंमत आणखी वेगळी. खिडकीबाहेर धुकं, म्हणजे शंभर टक्के. आत हीटर लावलेल्या खोलीत बर्फी सांगते अडतीस. ओठ फुटतात धुक्याच्या दिवसांत! आर्द्रतेचा टक्का हा हवेत पाणी किती याचा नसतोच. त्या तापमानाला जेवढी वाफ मावते, त्यातली किती भरली याचा असतो. हवा तापली की ती गर्दीच्या एस.टी.च्या कंडक्टरसारखी होते. ‘आत सरका, आत सरका’ म्हणत कितीही वाफ सामावून घेते. पाच अंशांना खचाखच भरलेली गाडी वीस अंशांना अर्ध्याहून रिकामी दिसते, प्रवासी तेवढेच असले तरी.

आकड्यांचा असा नाद लागला की माणूस आकड्यांच्या कुळाचारापर्यंत जातो. सेल्सिअस या स्वीडिश विद्वानानं १७४२ मध्ये आपली मोजपट्टी आखली तेव्हा पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर धरलं होतं. ती पुढे उलटी केली गेली. नाहीतर दिल्लीकरांनी जानेवारीत ‘आज पंच्याण्णव’ म्हणून कुडकुडायचं आणि मेमध्ये ‘चौपन्नावर आलं हो’ म्हणून घाम पुसायचा. आपल्या हवामान खात्याचा प्रवासही मला फार जवळचा वाटतो. त्याचं मुख्यालय १९०५ मध्ये कलकत्त्याहून सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. पुण्यात त्या इमारतीला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. शिकत असताना मी तिथल्या बसथांब्यावर कितीतरी पावसाळे उभा राहिलो आहे. खातं पुढे दिल्लीला आलं, मीही आलो. मागे दोघांचंही जुनं नाव तेवढं तिथे घोटाळत राहिलं.

पण आकडा खरा कशावरून? २९ मे २०२४ ला दिल्लीच्या कडेच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश दाखवले आणि देशभर एकच गहजब झाला. त्याच दिवशी शहरातल्या सफदरजंगला होते ४६.८. खात्यानं तपासणी केली आणि सांगितलं, की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. मला त्या सेन्सरविषयी माया वाटली. अशा उन्हात उभं राहून तीनच अंशांची अतिशयोक्ती करणं म्हणजे संयमच म्हणायचा. आमच्याकडचे लोक आंब्याच्या पेटीबद्दल याहून जास्त करतात. तरी मनात किडा वळवळला. आपली बर्फी खरं बोलते का? लेकीनं एक घरगुती परीक्षा सांगितली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं दिसेल इतकेच पाण्याचे थेंब घालायचे, ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट प्लास्टिकच्या डब्यात बंद करायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. नेहमी. डबा दिल्लीतला असो की गुहागरातला, ओल्या मिठाच्या सहवासातली हवा पंचाहत्तरावरच विसावते. सकाळी फोनवर पाहिलं, तर त्र्याहत्तर. म्हणजे आमची बर्फी दोन टक्के कमी बोलते. ज्या घरात सगळेच दोन टक्के जास्त बोलतात, तिथे हे बरंच.

त्या पंचाहत्तराची दुसरी बाजू मला रात्री अंथरुणात सुचली आणि मी उठून बसलो. हवा पंचाहत्तरच्या पुढे गेली, की मीठ तिच्यातलं पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे आमच्या गुहागरच्या घरात, चुलीशेजारच्या फळीवर, चिनीमातीच्या बरणीत एक हवामान केंद्र माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. आई सकाळी बरणीत हात घालायची, बोटं एकमेकांवर चोळायची आणि म्हणायची, “मिठाला पाणी सुटलं.” त्या एका वाक्यावर घरातली यंत्रणा हलायची. गरे वरच्या डब्यात जायचे, आगपेटी चुलीच्या उबेला, अंगणातली वाळवणं माजघरात, गोधड्या दांडीवर. तिला पंचाहत्तर हा आकडा ठाऊक नव्हता. आकड्याला मात्र ती पक्की ठाऊक होती. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या गृहस्थानं १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक केलं, कारण केस ओलाव्यानं लांबतो आणि कोरडेपणानं आखडतो. आई मात्र न्हाल्यावर पागोळ्यांकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, “आज काही केस वाळत नाहीत.” तिनं कुठे शोधनिबंध लिहिला नाही, एवढाच काय तो फरक.

मग मी एक बर्फी आईला नेऊन दिली. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि दिल्लीला यायला तयार नाही. तिच्या मते दिल्ली हे पापड टिकण्याचं ठिकाण आहे, माणसं टिकण्याचं नव्हे. स्वयंपाकघरात बर्फी चिकटवली, डबी टीव्हीमागे ठेवली आणि परत आलो. तेव्हापासून मी कोपर्निकस मार्गावर उभा राहून हजाराहून अधिक किलोमीटरवरचं आमचं स्वयंपाकघर बघतो. सव्वापाचला आकडा वर गेला, म्हणजे चहाचं आधण. साडेसहाला पुन्हा, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा बंब. साडेअकराला भात. लेक बेंगळुरूत बसून माझी आंघोळ मोजते, मी दिल्लीत उभा राहून आईचा चहा मोजतो. कोपर्निकसानं सूर्य मध्याशी आणला खरा, पण वर्तुळावर फिरणारी छोटी वर्तुळं काही त्यालाही टाळता आली नाहीत. आमचं कुटुंब हे असं वर्तुळांवरच्या वर्तुळांत बसलेलं आहे.

जुलैमध्ये एका दुपारी आईकडचा आकडा नाहीसाच झाला. ना तापमान, ना आर्द्रता. दोन तास मी स्वतःला सांगत राहिलो, की तिकडे वीज गेली असेल. मग फोन केला. वीज होती. आईचा आवाज ठणठणीत होता.

“आई, ते पांढरं यंत्र कुठे गेलं?”

“पापडाच्या डब्यात ठेवलंय.”

“डब्यात? का?”

“अरे, तूच म्हणालास ना, याला दमट कळतं म्हणून? मग भिंतीवर बसून काय करतंय ते? भिंत काही मी तळून खाणार नाही.”

डबा स्टीलचा होता. स्टीलमधून लहरी बाहेर पडत नाहीत. मी तिला हे समजावलं आणि यंत्र परत भिंतीवर लावायला सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं. संध्याकाळी आकडा परत आला, तर बाहेर कोकणातला जुलै नव्वदीत असताना आईच्या स्वयंपाकघरात चव्वेचाळीस टक्के! क्षणभर मला वाटलं, गुहागर सरकून राजस्थानात गेलं. मग उलगडा झाला. तिनं पापडच प्लास्टिकच्या बरणीत काढले होते, यंत्रासकट. खाली तांदळाची पुरचुंडी, वर पोह्याचे पापड, मध्ये बर्फी. मी हसलो, रागावायचं ठरवलं, आणि मग विचार केला तसा राग सादळत गेला. आमच्या तिन्ही पिढ्यांत या यंत्राचा सगळ्यांत शहाणा वापर तिनं केला होता. आम्ही त्याला हवेबद्दल विचारत बसलो. तिनं त्याला काम लावलं.

यंत्र मी तिथेच राहू दिलं. हळूहळू बरणीची भाषा कळायला लागली. झाकण बंद असलं की रेघ सपाट, चव्वेचाळीस-पंचेचाळीस. दुपारी बाराच्या सुमारास झाकण उघडतं, बाहेरची ओली हवा आत घुसते, रेघ उडी मारते आणि सावकाश खाली येते. म्हणजे आईनं जेवायला पापड भाजला. एक उडी म्हणजे एकटीच आहे. लागोपाठ दोन-तीन उड्या म्हणजे पानावर कुणीतरी आलंय. पहिल्यांदा काढलेले पुरले नाहीत. चहाचं आधण, बंब यांतलं आता मला काही दिसत नाही, पण आई पापड खाते एवढं दिसतं, आणि पापड खाणाऱ्या माणसाचं बरं चाललेलं असतं. कोपर्निकसाच्या मांडणीबद्दल एक बारीक गोष्ट मला आवडते. त्यानं सूर्याला मध्याशी बसवलं असं आपण म्हणतो, पण त्याच्या हिशेबात वर्तुळांचा मध्य नेमका सूर्यात नव्हता, सूर्याच्या किंचित बाजूला होता. आमचाही तसाच निघाला. आम्ही चौकटी, भिंती, खुर्च्या शोधत बसलो आणि मध्य निघाला तिकडे फळीवर, मिठाच्या बरणीच्या किंचित बाजूला.

मागच्या महिन्यात एका दुपारी रेघ सपाटच राहिली. बारा वाजले, साडेबारा, एक. मी दूरदर्शन भवनासमोर उभा होतो. आत कुठेतरी कुणी देशाचं कमाल-किमान तापमान वाचत असेल. मला एकाच बरणीचं हवं होतं. दीड वाजता मी फोन लावला. सहा घंट्या गेल्या. सातव्याला तिनं उचलला.

“आई, बरी आहेस ना? आज जेवली नाहीस?”

“एकादशी आहे आज. दिल्लीत एकादशी येत नाही वाटतं?”

“मग काहीच खाल्लं नाहीस?”

“न खायला काय झालं? साबुदाण्याच्या पापड्या तळल्या. त्या वेगळ्या बरणीत असतात. तिथे कुठे आहे तुझं यंत्र?”

लेकीला सांगून मी आणखी एक बर्फी मागवली आहे. एकादशी महिन्यातून दोनदा येते.